चिमूटच्या भट्ट्या

आमच्या घरात कुणी रडलं की त्याच्या हातात पाव देतात. पडलं, हरलं, परीक्षेत आपटलं, कुणाशी भांडून आलं, की पाव. खाली बेकरी आणि वर घर, त्यामुळे औषध कायम हाताशी आणि बहुतेक वेळा गरमच. मी लग्न होऊन आले त्या संध्याकाळी माहेरच्या आठवणीनं डोळे पुसत बसले होते. सासऱ्यांनी एक गोल पाव मधोमध फोडला, त्याला लोणी फासलं, माझ्यापुढे ठेवला आणि एक शब्द न बोलता परत भट्टीकडे गेले. सासूबाई म्हणाल्या, "झालं यांचं भाषण. आता तू घरातली."

पुढे माझी मुलगी चालायला लागली आणि दोन-तीन पावलं टाकून मटकन खाली बसायला लागली, तेव्हा या घरानं काय केलं असेल ते वेगळं सांगायला नको.

तिला सगळे चिमूट म्हणतात. ते नाव सासऱ्यांनी ठेवलेलं. मी त्यांना बाबा म्हणते, ती आबा म्हणायची. जन्मली तेव्हा ती इतकी बारकी होती की बाबा तिला दोन्ही तळहातांवर घेऊन म्हणाले, "ही तर नुसती चिमूटभर आहे." सासूबाई लगेच, "मीठही चिमूटभरच लागतं. नसलं की अख्खा घाणा बेचव."

तिनं मान उशिरा धरली. बसली उशिरा. चालली तीही भिंतीचा आधार घेत, जहाजावर चालल्यासारखी. बाबा तिला रोज दुधात पाव कुस्करून द्यायचे, वर साखर भुरभुरवून. "ताकद येईल," म्हणायचे. ती आवडीनं खायची, वाटी चाटून घ्यायची, आणि मग हुशारी येण्याऐवजी मलूल व्हायची. अंग सैल पडायचं. श्वास असा भरभर चालायचा की जणू कुठून तरी धावत आली आहे. "पाव खाऊन दमणारं पोर मी पहिल्यांदा बघतोय," माझा नवरा म्हणायचा. घाबरला की तो विनोद करतो. त्या दिवसांत तो फार विनोद करत होता.

समोरचा शिंपी एकदा दुकानात म्हणाला, "लाडानं आळशी झालीय पोरगी." सासूबाई पाव बांधताना मान वर न करता म्हणाल्या, "तुमची शिवण उसवते तीही लाडानंच का?" त्यानंतर तो मुकाट पाव घेऊन जायचा.

मग मोठं हॉस्पिटल. रक्त, लघवी, पाठीतलं पाणी, मांडीतला एवढुसा स्नायूचा तुकडा. शेवटी एक डॉक्टर आम्हाला समोर बसवून बोलल्या. वयानं माझ्याएवढ्याच असतील. त्यांच्या टेबलावर एक अर्धवट खाल्लेलं सफरचंद काळं पडत होतं, त्यांना जेवायला वेळ मिळाला नसावा.

"तुमचं काय आहे, बेकरी ना?" त्यांनी विचारलं. "मग तुम्हाला समजेल. आपलं शरीर पेशींचं बनलेलं असतं. आणि प्रत्येक पेशीत बारीक बारीक भट्ट्या असतात. शेकडो. त्यांना मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. आपण खातो त्याची शेवटी साखर होते. पेशीत त्या साखरेचे आधी तुकडे होतात, ते भट्टीच्या बाहेर. मग ते तुकडे एका दरवाजातून भट्टीत जातात आणि आत हळूहळू, टप्प्याटप्प्यानं जळतात. भडका नाही, मंद आच. त्यातून जी ताकद निघते तिच्यावर सगळं चालतं. हात हलणं, डोळा उघडणं, हृदय."

"आणि श्वास?" मी विचारलं, कारण मला तिचा तो भरभर चालणारा श्वास सोडून काहीच दिसत नव्हतं.

"श्वास त्यासाठीच तर आहे. आपल्याला वाटतं तो छातीत जातो आणि परत येतो. छाती म्हणजे नुसतं फाटक. हवेचं खरं काम त्या भट्टीत, अगदी शेवटच्या टप्प्यावर असतं. तिथं ती पोचली नाही की मागची सगळी रांग थांबते." त्या थांबल्या. "चिमूटची हवा पोचते. भट्ट्याही आहेत. पण साखरेचे तुकडे आत नेणारा जो दरवाजा आहे ना, तो तिच्यात जाम आहे. जेमतेम फट उघडी. त्यामुळे जळण बाहेर साठतं."

"आणि आंबतं," नवरा म्हणाला.

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं. "हो. त्याचं ॲसिड होतं. ते रक्तात येतं. ते बाहेर टाकायला म्हणून ती भरभर श्वास घेते. जितकी जास्त साखर, जितका जास्त पाव, भात, बटाटा, तितकं जास्त ॲसिड. आणि आत भट्टी मात्र थंडच."

म्हणजे आम्ही तिला ताकद यावी म्हणून जे भरवत होतो ते तिच्या दाराशी आंबत पडत होतं. बाहेर कुणाचं तरी मूल स्टूल ओढत होतं, त्याचा कर्र आवाज येत राहिला.

पेशींतल्या या भट्ट्या आईकडून येतात असं मी शाळेत शिकले होते. नको तेव्हा आठवतं. "म्हणजे हे माझ्याकडून आलं?" मी विचारलं.

"भट्ट्या तुमच्याकडून. पण हा दरवाजा कसा बनवायचा याची कृती दुसरीकडे लिहिलेली असते, आणि त्यातली चूक तुमच्यातही नाही, त्यांच्यातही नाही. तपासलंय आपण. ती तिच्यातच पहिल्यांदा झाली."

मला हायसं वाटलं. आणि असं वाटावं याची मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली.

एक दुसरा दरवाजा होता. लोणी, साय, तेल, अंड्याचा बलक, यातलं जळण वेगळ्या वाटेनं भट्टीत शिरतं, त्याला तो जाम दरवाजा लागत नाही. तेव्हा आता चिमूटनं तेच खायचं, मोजून. पाव बंद, बिस्किट बंद, केक बंद. "बेकरीवाल्याच्या घरात जन्माला येऊन," नवरा म्हणाला, आणि पुढचं वाक्य त्यानं गिळलं.

घरी येऊन मी बाबांना समजावलं. ते ॲप्रनला हात पुसत ऐकत होते. हात स्वच्छ झाले तरी पुसत राहिले.

"दरवाजात तेल घालून सैल नाही होत?"

"बाबा, तसला दरवाजा नाही तो."

"मग दरवाजा म्हणाल्या कशाला?"

"तुम्हाला कळावं म्हणून हो," सासूबाई म्हणाल्या. "आणि ते कळेना म्हणजे धन्यच."

ते भट्टीकडे गेले. त्या दिवशी ते पावाला मीठ घालायचं विसरले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

खालचा एक छोटा वजनकाटा वर स्वयंपाकघरात आला. मी सायीचा चमचा तोलायचे, बलक तोलायचे, भाजीचं एकेक पान तोलायचे. डोळ्यांत तेल घालून. आणि खरं सांगायचं तर गुण आला. चिमूट पलंगापासून खिडकीपर्यंत न बसता जायला लागली. जिना माझं बोट धरून उतरायला लागली. बोलायला तर अशी लागली की सासूबाई म्हणायच्या, "या पोरीला जरा बंद करायचा खटका कुठं आहे बघ." मी खिडकीच्या कट्ट्यावर तिला उभी करून केस विंचरायचे तेव्हा तिचे गुडघे माझ्या पोटाशी ताठ लागायचे. गुडघे ताठ लागणं ही कुणाला सुखाची गोष्ट वाटेल का? मला वाटायची.

पाव खायचा नाही, पण त्याचा वास घ्यायला मनाई नव्हती. सकाळी पहिला घाणा निघाला की बाबा एक पाव फडक्यात धरून तिच्या नाकाशी न्यायचे. "कसा?" ती डोळे मिटून वास घ्यायची आणि निकाल द्यायची, "झालाय." कधी लहर आली तर "कच्चा." कच्चा म्हटलं की बाबा खरोखरच ट्रे परत भट्टीत सरकवायचे. "ही मालकीण आपल्याला रस्त्यावर आणणार," सासूबाई म्हणायच्या. चिमूटला ते फार आवडायचं, मालकीण.

पण एक दिवस वास घेऊन झाल्यावर तिनं विचारलं, "आबा, तू सगळ्यांना पाव करतोस. मला करता येत नाही का तुला?"

बाबा पाव घेऊन भट्टीकडे वळले. मी जिन्यात होते, मला त्यांची पाठ दिसत होती. माणसाच्या पाठीवरही कळतं कधी कधी.

त्यानंतर बेकरीच्या मागच्या खोलीत फडताळात एक झाकलेलं पातेलं दिसू लागलं. मला वाटलं, नवीन काही आंबवण लावत असतील. बाबांचं तसं चालायचंच. मी झाकण उघडून पाहिलं नाही, कारण दुसऱ्याचं फुगत असलेलं पीठ उघडायचं नाही हे या घरात मी पहिल्याच आठवड्यात शिकले होते.

दुपारी मी गल्ल्यावर बसायचे आणि बाबा वर चिमूटजवळ. एका दुपारी दुकानात कुणी नव्हतं, म्हणून मी लवकर वर आले. बाबा जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले होते, चिमूट त्यांच्या मांडीवर. तिच्या ओठांवर पांढरे कण होते. मला बघून दोघं एकदमच दचकले, एकाच चोरीतले भागीदार असल्यासारखे. पण चिमूटच्यानं राहवलं नाही. "आई," ती म्हणाली, "हा माझा पाव आहे. आबानं मलाच केला."

मी तिच्या हातातून तो ओढून घेतला. बोट घालून तोंडातलाही काढला. ती रडायला लागली.

"ऐक, आधी ऐक," बाबा म्हणाले. "यात साखर नाही. एक कण नाही."

"बाबा, तुम्ही..."

"अगं, यीस्ट साखर खातं. त्याचं कामच ते आहे. पीठ जास्त ठेवलं की ते सगळी साखर खाऊन टाकतं. हे पीठ मी ठेवलंय, ठेवलंय, पार आंबट होईपर्यंत ठेवलंय. भट्टीत घातलं तर रंग आला नाही. बघ ना, पांढराफटक आहे. साखर असती तर रंग आला असता. कुठल्याही बेकरीवाल्याला विचार." त्यांनी तो पाव माझ्या हातातच वळवून दाखवला, वरून, खालून. "मी स्वतः खाऊन बघितला. गोडवा नाही. मगच दिला."

त्यांच्या चेहऱ्यावर अपराध नव्हता. आनंद होता. आपल्या हातातल्या एवढ्या वर्षांच्या कामानं नातीसाठी वाट काढली याचा.

"कधीपासून देताय?"

"थोडा थोडाच. चार-पाच दिवस झाले असतील."

"बाबा," मी म्हणाले, "पीठ म्हणजेच साखर. यीस्ट वरवरची खातं. बाकीची पिठात बांधलेली असते, जिभेला लागत नाही. पोटात गेल्यावर सुटते."

"पण रंग नाही आला," ते म्हणाले. आता हळू.

चिमूटचं नाक दोन दिवस वाहत होतं. त्याच संध्याकाळी ताप चढला, आणि तो श्वास पुन्हा सुरू झाला, धावत आल्यासारखा. आम्ही तिला उचलून निघालो. बाबा ॲप्रनसकट गाडीपर्यंत आले आणि दाराला हात लावून उभे राहिले. "तुम्ही येऊ नका," मी म्हणाले. एवढंच. ते पुरेसं होतं. गाडी वळली तेव्हा ते तसेच हात पुढे करून उभे होते, दरवाजा तिथं नव्हता तरी.

ॲसिड उतरायला वेळ लागला, पण उतरलं. चिमूट डोळे उघडून बघायला लागली. पण आमच्याकडे परत आली ती अर्धीच आली. उजवा हात मुठीत वळून राहिला. घास गिळताना ठसका लागायचा. शब्द तोंडातच जाड व्हायचे, ओल्या पिठासारखे, आणि ती ते पुन्हा पुन्हा म्हणून बघायची आणि आम्हाला कळत नाही म्हणून चिडायची.

डॉक्टरांनी मेंदूचे फोटो उजेडात लावले. आत खोल, दोन्ही बाजूंना सारखेच डाग होते. इतके सारखे की कुणी मुद्दाम मापून काढल्यासारखे.

"ज्या जागांना सगळ्यात जास्त ताकद लागते, त्या आधी विझतात," त्या म्हणाल्या. "हालचाल, गिळणं, हे इथून चालतं."

"पावानं झालं?" मी विचारलं.

"तुम्हाला कुणाला तरी दोषी धरायचंय का?"

मी फोटोतल्या डागांकडे बघत राहिले.

"पावानं ॲसिड वाढलं. ते आम्ही उतरवलं. हे डाग पावाच्या आधीचे आहेत. मागच्या फोटोत इथं बारीक ठिपका होता, बघा, तोच पसरलाय. तो थांबेल अशी आशा होती. लोण्याच्या वाटेनं थोडा वेळ मिळाला आपल्याला. मग ताप आला. ताप आला की शरीराला जास्त ताकद हवी असते, आणि तिच्याकडे ती नव्हतीच. पाव नसता तरी हे इथवर आलं असतं."

घरी आल्यावर मी हे सगळं बाबांना शब्दाला शब्द सांगितलं. नवऱ्यानंही सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं.

"चांगल्या बाई आहेत त्या डॉक्टर," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "तूही चांगली आहेस."

त्यांना पटलं नव्हतं. त्या दिवसापासून त्यांनी पिठात हात घातला नाही.

पाव नवरा करू लागला. तो बिचारा हिशेब आणि पोचवण्याचं बघणारा माणूस, त्याच्या हाताला पीठ ओळखत नाही. सासूबाई गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांना सांगायच्या, "आज पाव नाही हो, विटा आहेत. घर बांधायचं असेल तर न्या." माणसं हसायची आणि न्यायची. शिंपी तर रोज न्यायचा. मी एकदा त्याच्या दुकानाच्या मागे ते पाव कबुतरांना कुस्करून घातलेले बघितले, पण न्यायचा तो चुकला नाही.

बाबा दिवसभर चिमूटच्या पलंगाशी खुर्ची टाकून बसायचे. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. तिनं डावा हात पुढे केला तरच एक हात काढायचे, तिच्या बोटांत बोट द्यायचे, परत मांडीखाली. तिचं बोलणं आता त्यांनाच कळायचं. "ती म्हणतेय पडदा सरकव." "ती म्हणतेय आजीला हाक मार, तिला काहीतरी सांगायचंय." आम्ही विचारायचो, तुम्हाला कसं कळतं? "कळायला काय," ते म्हणायचे, "हळू बोलते, एवढंच."

एकदा मी त्यांना म्हणाले, "बाबा, पुन्हा भट्टीशी उभे राहा. तुमच्या मुलाच्या पावानं आईंचे दात पडतील."

ते हसले नाहीत. "माझ्या हातानं तिला आंबवलं," ते म्हणाले.

मी सायीची वाटी धुवायला मोरीत गेले आणि नळ मोठा सोडून उभी राहिले. त्यांच्यावर मी चिडले होते, खरंच चिडले होते, आणि त्या चिडण्याला कुठंतरी टेकायला जागा होती तोवर बरं होतं. डॉक्टरांनी ती जागाही काढून घेतली होती. आता सगळं रिकामंच. त्यांच्याकडे निदान तो एक पाव होता, पुन्हा पुन्हा दोष द्यायला. तो त्यांच्याकडून कुणाला काढून घेता येत नव्हता, आणि मला तो काढून घ्यायचाच होता. तिच्यासाठी मी काहीही करू शकत नव्हते. पण ती गेल्यावर हा माणूस जन्मभर हात मांड्यांखाली दाबून बसेल, हे तरी होऊ द्यायचं नव्हतं.

ती गेल्यावर. मी मनात ते पहिल्यांदा म्हटलं, आणि नळ बंद केला.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी चिमूटला बराच वेळ तपासलं. तिच्या तळहातावर बोट ठेवलं. बोटं मिटली नाहीत. मी नेहमीसारखी सांगायला लागले, लोणी इतकं, साय इतकी, बलक अर्धा उरतो, ठसका लागतो म्हणून मी...

"ते राहू द्या आता," त्या म्हणाल्या.

"काय राहू द्या?"

"मोजणं. तिला जे आवडतं ते द्या. मऊ करून, थोडं थोडं, उचलून धरून."

"पाव?"

"पावसुद्धा."

"आणि रक्त कधी तपासायचं?"

"आता सुया नकोत तिला."

"थँक यू, डॉक्टर," नवरा म्हणाला. सवयीनं. मग आपण कशाबद्दल आभार मानले ते त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं चिमूटची टोपी उगाच सरळ केली. डॉक्टर खिडकीकडे बघत होत्या. त्यांच्याही डोळ्यांत पाणी असेल, नसेल. मी बघितलं नाही. मला तेवढंही उसनं दुःख तेव्हा झेपलं नसतं.

दुकानात शिरलो तेव्हा बाबा जिन्याखाली उभे होते. दर खेपेला ते तिथंच उभे असायचे. सासूबाई एका बाईला पाव बांधून देत होत्या.

"काय म्हणाल्या?"

"पाव द्यायला सांगितलाय तिला," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चिमूटकडे पाहिलं. आणि कित्येक आठवड्यांनी त्यांचा चेहरा असा काही उघडला की मला तो बघवेना.

"म्हणजे दरवाजा उघडला?"

सासूबाईंचा हात कागदावर थांबला. गिऱ्हाइक बाईला कळेना की सुट्टे पैसे घ्यायचे की थांबायचं. नवऱ्यानं मान फिरवली.

हो म्हणणं सोपं होतं. एक अक्षर. त्यांना काही दिवस मिळाले असते, हसरे. पण मग तिचं जे व्हायचं ते झालं असतं, आणि त्यांनी पुन्हा पावालाच दोषी धरलं असतं. दुसऱ्यांदा दिला, दुसऱ्यांदा तेच झालं. मग मात्र त्यांना त्यातून कुणी बाहेर काढलं नसतं.

"नाही बाबा," मी म्हणाले. "बंदच आहे. आता उघडायचा नाही. लोण्याच्या वाटेनंही फार काही पोचत नाही आता. म्हणून द्यायला सांगितलाय. पाव दिला म्हणून काही होणार नाही, आणि नाही दिला म्हणून काही थांबणार नाही."

गिऱ्हाइक बाई पिशवी घेऊन हळूच निघून गेल्या. बाबा उभेच होते. मग खाली बसले, पिठाच्या पोत्यावर. मी चिमूटला घेऊन त्यांच्यासमोर तशीच उभी. तिचं डोकं माझ्या खांद्यावर जड झालं होतं, केसांना हॉस्पिटलच्या साबणाचा वास येत होता.

पोत्याचं तोंड चाचपत त्यांनी विचारलं, "साधा करू की दुधातला?"

"साधा कशाला," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज फाटलेला. "तिला गोड आवडतो. तुम्हाला माहीत नाही का?"

"साखर घालू?" ते मला विचारत होते. या वयात, स्वतःच्या बेकरीत, परवानगी मागत होते.

"घाला."

"किती?"

"नेहमी घालता तेवढी."

ते उठले. ॲप्रन खुंटीवर होता, धुळीनं माखलेला. त्यांनी तो झटकला आणि बांधला. पाठीमागची गाठ त्यांना जमेना, ती नवऱ्यानं मारून दिली.

मी चिमूटला घेऊन भट्टीजवळच्या बाकावर बसले. ऊब तिच्या पावलांपर्यंत येत होती. मोजे काढले मी तिचे. बाबांनी दूध कोमट केलं, मैद्यात आळं केलं, साखर घातली, मळायला घेतलं. सुरुवातीला त्यांचे हात अडखळत होते, मग हातांना आठवलं. चिमूट डोळे अर्धे मिटून तो थप-थप आवाज ऐकत होती. पीठ फुगायला ठेवलं.

"थोडं लवकर नाही का होणार?" नवरा म्हणाला. तो तिच्याकडे बघत होता.

"घाई केली की पीठ ऐकत नाही," बाबा म्हणाले. "बस तू."

सगळे बसलो. सासूबाईंनी दुकानाचं दार लोटून घेतलं, भर दुपारी. पाव भट्टीत गेल्यावर बाहेरून कुणीतरी ठोठावलं, सासूबाई म्हणाल्या, "पाव नाहीये आज," आणि बाहेरचा माणूस म्हणाला, "वास तर येतोय." "वास येतोय, पाव नाहीये," त्या म्हणाल्या. शिंपीच असावा. तो परत ठोठावायला थांबला नाही.

पाव निघाला तेव्हा वरून तांबूस होता, चकचकीत. बाबांनी तो गार होऊ दिला नाही. मधला मऊ भाग काढला, दुधात बुडवला, चिमूटला मी उचलून धरली, आणि त्यांनी बोटाच्या टोकावर घेऊन तो तिच्या ओठांत ठेवला. ती किती तरी वेळ तोंड न हलवता बसली. मी तिच्या गळ्याकडे बघत होते. मग गळा हलला. ठसका नाही लागला. घास गेला.

मग ती काहीतरी म्हणाली. जाड, ओलं, मला न कळणारं.

"काय म्हणाली?"

"भाजतंय म्हणते," बाबा म्हणाले. "फुंकर घाल म्हणते."

त्यांनी पुढचा तुकडा घेतला आणि तोंडाशी नेला. ओठ गोल केले. पण ओठ थरथरत होते, हवा जमेना. पुन्हा केले. पुन्हा तेच. चिमूट तोंड उघडं ठेवून वाट बघत होती.

त्यांनी तो तुकडा माझ्यापुढे धरला. मी फुंकर घातली.